चार फुटी टाकीची वही

६ ऑक्टोबर, रविवार
माशांची टाकी घरी आली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, काच दहा मिलिमीटरची. भुसावळातल्याच काचवाल्याने जोडून दिली. आतून मोजून हिशेब केला: काठोकाठ २३५ लिटर, वर चार बोटं सोडली की २०० लिटर. म्हणजे पाणी २०० किलो, काच पन्नासेक किलो, वरून खडी. त्यामुळे लाकडी टेबलाचा विचार सोडला आणि वेल्डरकडून अँगलचा स्टँड करून घेतला. स्टँडची फळी आणि तळाची काच यांच्यामध्ये थर्माकोल घातलं आहे. फळीचा एखादा उंचवटा तळाच्या काचेला टोचला, तर पूर्ण भरलेली टाकी तिथूनच तडकते.

लेकीने कागदावर गोल्डफिशच्या पाच प्रकारांची नावं लिहून दिली आहेत: कॉमेट, ओरांडा, रियुकिन, ब्लॅक मूर, बबल आय. तिला ही सगळी एकाच टाकीत हवी आहेत. जमतं का, हे मलाही बघायचं आहे. रेल्वेच्या शेडमध्ये प्रत्येक कामाची नोंद रजिस्टरला करायची सवय लागली आहे, तशी इथेही ठेवतो.

१३ ऑक्टोबर
दोन दिवस टाकी भरून ठेवली होती. कुठेही पाझर नाही. ते पाणी झाडांना घातलं.

पाण्याचे दोन पर्याय आहेत. नळाचं पाणी तापीचं, त्यात ब्लीचिंगचा वास. बोअरचं पाणी जड, काळ्या खडकातलं. बादलीवर पांढरा थर धरतं. गोल्डफिशला जड पाणी चालतं, उलट मानवतंच. अडचण पीएचची, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणाऱ्या मापाची आहे. बोअरचा पीएच ८ भरला. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात येतो, आणि पीएच ७ वरून ८ वर गेला की त्यातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. म्हणजे आमच्या पाण्यात अमोनियाला अजिबात माफी नाही.

निम्मं नळाचं, निम्मं बोअरचं असं ठरवलं. नळाचं पाणी आधी ड्रममध्ये काढून त्यात हायपोचे दोन-चार खडे टाकायचे. हा हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पूर्वी फोटो स्टुडिओत फोटो पक्का करायला वापरायचे तोच. दुकानात हाच ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून बाटलीत मिळतो.

३ नोव्हेंबर, भाऊबीज
टाकीत अजून एकही मासा नाही आणि घरी आलेला प्रत्येक पाहुणा तेच विचारतो आहे. सध्या टाकीत जीवाणू वाढवायचं काम चालू आहे. रोज चिमूटभर खाद्य टाकून ते कुजू देतो, त्यातून अमोनिया तयार होतो. जीवाणूंची एक जात त्याचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. शेडमधल्या मित्राने त्याच्या जुन्या फिल्टरचा मळका स्पंज दिला, तो आमच्या फिल्टरमध्ये बसवला, विरजण लावण्यासारखंच. आज अमोनिया कमी झालाय, नायट्राइट तपासायची नळी मात्र गडद जांभळी. म्हणजे पहिली जात कामाला लागली, दुसरी अजून नाही.

१६ नोव्हेंबर
अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट आहे. पाच आठवडे लागले. लेकीला नळ्यांचे रंग दाखवले. तिने वहीच्या कडेला तारीख लिहून खाली सही केली.

१७ नोव्हेंबर, रविवार
जळगावला जाऊन मासे आणले. कॉमेट दोन, ओरांडा एक, रियुकिन एक, ब्लॅक मूर एक. बबल आय दुकानात नव्हता.

दुकानात थर्माकोलची पेटी नुकतीच उघडलेली होती, आत ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या. शोभेचे मासे पैदा करण्याचं मोठं काम हावड्याच्या बाजूला, बंगालच्या खेड्यांत चालतं. हावडा-मुंबई गाड्या वर्षानुवर्षं आमच्या स्टेशनवरून जाताना बघतो आहे. ब्रेकव्हॅनमधून असे पाहुणेही जात असतील, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

हे सगळे एकाच जातीचे आहेत, हे लेकीला पटवताना वेळ गेला. चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वी करड्या कार्प माशांतले पिवळसर-केशरी निघालेले वेगळे काढून तळ्यांत पाळायला सुरुवात झाली, आणि माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करत त्यांचे हे आकार घडवले. ओरांडाच्या डोक्यावर तुतीच्या फळासारखा मांसल मुकुट असतो. ‘ओरांडा’ म्हणजे जपानी भाषेत हॉलंड किंवा डच. पूर्वी बाहेरून आलेल्या, वेगळ्या दिसणाऱ्या अनेक गोष्टींना जपानी लोक हेच नाव द्यायचे. रियुकिनचं नाव जपानच्या दक्षिणेकडच्या रियुक्यू बेटांवरून पडलं. पाठीला मोठं कुबड, बैलाच्या वशिंडाची आठवण यावी असं. कॉमेट मात्र अमेरिकेतला, १८८० च्या दशकातला. अंग सडपातळ, शेपूट लांब आणि एकेरी. बाकी तिघांचं अंग गोल आणि शेपूट दुहेरी.

टाकीत सोडल्यावर हा फरक लगेच दिसला. कॉमेटनी चार फूट चार सेकंदांत पार केले. ओरांडा अजून पहिल्या कोपऱ्यातच डोलत होता.

२४ नोव्हेंबर
आज पहिल्यांदा दाणे मोजून टाकले आणि कोण किती खातो ते लेकीसोबत बसून टिपलं. ती ओरांडा आणि मूर बघत होती, मी बाकीचे. एकूण ४० दाणे. दोन्ही कॉमेट मिळून २७, रियुकिन ९, ओरांडा ४, मूर ०.

दीड मिनिटात सगळं संपलं. मूर तळाशी, दाणे वर. दाण्याचा वास त्याला लागतो, तो वर यायला निघतोही, पण येईपर्यंत काही उरत नाही. त्याचे डोळे दुर्बिणीसारखे बाहेर आलेले आहेत, आणि तरी दिसतं कमीच.

२५ तारखेला परत मोजलं: मूर ०. २६ ला १.

१ डिसेंबर
आई माहेरची अमळनेरची. तिची अहिराणी इतक्या वर्षांत सुटलेली नाही. संध्याकाळी माळ जपत टाकीसमोर बसते. आज म्हणाली, “त्या काया मासाले कोनी खावूच देत नई. त्याले पहिले दे, तो आंधया शे.”

आठवडाभर मी आकडे लिहीत होतो. तिला ते वही न धरता दिसलं होतं.

दिवाळीची एक न लावलेली पणती धुऊन, दोन दिवस पाण्यात भिजत ठेवून, टाकीच्या डाव्या कोपऱ्यात तळाशी ठेवली. तिच्यावर वरून एक पारदर्शक नळी उभी केली. दाणे पाच मिनिटं पाण्यात भिजवायचे, मग नळीतून सोडायचे. ते थेट पणतीत पडतात. भिजवल्याने आणखी एक फायदा होतो: कोरडा दाणा पोटात जाऊन फुगत नाही, आणि वर तोंड मारताना मासा हवा गिळत नाही. या गोल अंगाच्या माशांचं पोट गच्च झालं की तोल जातो, उलटे तरंगतात. गोल्डफिशला जठर नसतं, अन्न सरळ आतड्यात जातं. म्हणून थोडं थोडं आणि दिवसातून दोन-तीनदा.

कॉमेटना आधी उजव्या टोकाला वरून दाणे टाकायचे, ते तिकडे धावले की डावीकडची नळी भरायची.

८ डिसेंबर
मूरला पणती सापडली. सहा दिवस लागले. आता नळीला हात लावला तरी तो कोपऱ्यात येऊन थांबतो. गोल्डफिशला तीन सेकंदांपलीकडचं आठवत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे यावं. आजची मोजणी ४० पैकी: मूर ७.

१५ डिसेंबर
बबल आय मिळाला. प्रत्येक डोळ्याखाली पाण्यासारख्या द्रवाने भरलेली पिशवी, पाठीवर पर नाही. बघताना लेक गप्प झाली. मीही थोडा अस्वस्थ झालो. इतका नाजूक जीव माणसाने घडवला आणि आता त्याला सांभाळायचं काम आमच्याकडे आलं.

वेगळ्या टबात ठेवला आहे, चार आठवडे. नवा मासा थेट टाकीत सोडायचा नाही. त्याच्या अंगावर पांढरे ठिपके किंवा किडे असतील तर ते टबातच कळावेत.

१२ जानेवारी
थंडी कडक. सकाळी टाकीचं पाणी १६ अंश. हीटर लावलेला नाही, गोल्डफिशला लागतही नाही. मात्र सगळे मंद झालेत, म्हणून खाद्य निम्म्यावर आणलं. गार पाण्यात पचनही मंदावतं आणि जीवाणूही.

बबल आय टाकीत सोडला.

१९ जानेवारी
आज जे झालं ते माझ्यामुळे झालं, म्हणून नीट लिहितो.

फिल्टरच्या पाणी ओढणाऱ्या तोंडावर मी स्पंज चढवला होता. तो तुंबून प्रवाह कमी पडत होता. काल रात्री ड्युटीवरून उशिरा आलो, स्पंज काढून धुतला आणि ‘सकाळी चढवू’ म्हणून बाहेरच ठेवला. सकाळी कॉमेट नेहमीसारखे दाण्यांवर धावले, बबल आय त्यांच्या रेट्याने मागे सरकला आणि त्याची उजवी पिशवी त्या तोंडाला चिकटली. पंप बंद करेपर्यंत पिशवी फुटली होती.

लेक रडली नाही. तिने टब भरायला घेतला.

टबात लिटरला तीन ग्रॅम खडा मीठ, रोज निम्मं पाणी बदलायचं, हवेचे बुडबुडे सोडणारा दगड चालू. जखमेत संसर्ग होऊ न देणं एवढंच आपल्या हातात असतं. पिशवी परत भरते, पण बहुधा आधीएवढी होत नाही.

२ फेब्रुवारी
बबल आयची जखम मिटली. उजवीकडे आता लहान फुगा आहे, डावीकडे मोठा. खातो नीट. त्याला मोठ्या टाकीत परत सोडायचं नाही, असं तिघांनी ठरवलं: मी, लेक आणि आई. दोन फुटी जुनी टाकी मित्राकडून आणली. तिच्यात फक्त स्पंज फिल्टर, एकही टोकदार दगड नाही, प्लास्टिकची झाडं नाहीत.

२३ फेब्रुवारी
दुपारी ऊन चढायला लागलं, पाणी २३ वर आलं आणि टाकीतली शांतता गेली. मोठ्या कॉमेटच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला पांढरे बारीक दाणे उठले आहेत. रोग नाही, नर वयात आल्याची खूण आहे. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात ते अंगभर कुठेही दिसतात, हे मात्र रांगेत, ठरलेल्या जागी. दुकानदारही कधी कधी फसतात इथे.

तो ओरांडाच्या मागे लागला आहे. ओरांडा मादी निघाली. कॉमेटच्या मादीला पाठलाग झेपतो, ती पळते, वळते, निसटते. ओरांडाला पळता येत नाही. तो तिच्या पोटावर डोकं आपटतो आणि ती काचेला दाबली जाते. तासाभरात तिच्या शेपटीची कड फाटली, दोन खवले गेले. मध्ये जाळीची आडकाठी लावली.

२ मार्च, रविवार
कॉमेट हलवले.

पाच महिन्यांच्या नोंदींवरून मला एकच गोष्ट ठामपणे सांगता येईल. नावं, रंग, डोक्यावरचे मुकुट बघून गोल्डफिश एकत्र आणायचे नाहीत. कोण किती वेगाने पोहतो आणि कोणाला किती दिसतं हे बघायचं. एकेरी शेपटीचे कॉमेट, साधा गोल्डफिश, ठिपकेदार शुबुनकिन हे एका घरात. दुहेरी शेपटीचे गोल एका घरात. आणि त्या गोलांतही मूर, बबल आय आणि आकाशाकडे डोळे लागलेला सेलेस्टियल, हे कमी नजरेचे शक्य तर आणखी वेगळे. पणती आणि नळीने मूरचं पोट भरत होतं हे खरं, पण ते रोज कोणीतरी समोर बसून करत होतं म्हणून. मी रात्रपाळीला असताना, आई अमळनेरला गेलेली असताना काय होत होतं, याची नोंद वहीत नाही.

मोठ्या भावाचा केळीचा मळा यावल तालुक्यात. तिथे कडुनिंबाखाली सिमेंटचा जुना हौद आहे, आठ बाय पाच फूट, अडीच फूट खोल. ठिबकसाठी खत मिसळायची टाकी बाजूला आहे, तिचा एकही पाइप हौदाकडे येत नाही, हे आधी स्वतः तपासलं. विहिरीचं पाणी भरलं, महिनाभर मुरलं होतं. ओढ्यातली जलपर्णी थोडी आणून धुऊन टाकली. वर जाळी बांधली, कारण खंड्या रोज तारेवर येऊन बसतो.

सोडल्यावर दोघे असे सुटले की भाऊ म्हणाला, हे तिथे चार फुटांत राहत होते?

९ मार्च
मोठ्या टाकीत आता तिघे. मोजणी, ३० दाणे: रियुकिन १४, ओरांडा ९, मूर ७. दाणे संपायला सहा मिनिटं लागली.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय तृतीया)
घरात पुरणपोळी आणि आंब्याचा रस, बाहेर भुसावळचं ऊन. दुपारी तीनला टाकी ३२ अंश.

ही खरी परीक्षा. २० अंशाच्या पाण्यात लिटरला साधारण नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसात. म्हणजे पाणी तापलं की मासा जास्त श्वास घेतो आणि पाण्यात ऑक्सिजन असतो कमी. वरून अमोनियाचा विषारी भागही वाढतो. गोल अंगाच्या माशांना हे सर्वांत आधी जाणवतं.

इथे माठाचं तत्त्व वापरलं. टाकीचं झाकण काढून जाळी लावली आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडला. एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता घेऊन जातं, तेवढ्यात २०० लिटर पाणी जवळजवळ तीन अंश खाली यायला हवं. खोलीची उष्णता परत आत शिरते, म्हणून हिशेबाएवढं मिळत नाही; पण आमच्याकडे उन्हाळ्याची हवा इतकी कोरडी असते की पंखा लावल्यावर चार तासांत २८.५ झालं. किनाऱ्याकडच्या दमट गावात हा उपाय एवढा साधणार नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवायची. वाफ होते ती नुसत्या पाण्याची, क्षार मागेच राहतात. रोज चार-पाच लिटर उडतं, ते बोअरच्या पाण्याने भरत गेलो तर पाणी जड होत जाईल. म्हणून ही भर आरओच्या पाण्याची.

बर्फाच्या बाटल्या टाकायच्या नाहीत असं ठरवलं आहे. तापमान एकदम पडणं हे माशाला सावकाश तापण्यापेक्षा वाईट.

८ मे
रात्री दोनला लाईट गेली. मी ड्युटीवर. पहाटे चारला लेकीचा फोन: तिघेही तोंड वर काढून आहेत. बॅटरीवरचा एअर पंप कपाटात होता, तो लावायला सांगितलं. सेल उतरलेले. तिने आणि आईने तांब्याने पाणी वर उचलून उंचावरून परत टाकीत सोडायला सुरुवात केली, आळीपाळीने, पाऊण तास. धार पडली की हवा पाण्यात मिसळते. मी सहाला पोचलो तेव्हा दोघींचे हात भरून आले होते आणि मासे खाली गेले होते.

एअर पंप आता इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला. सेल दर महिन्याच्या एक तारखेला बदलायचे, हे कॅलेंडरवर लिहिलं.

१ जून
भावाचा फोन: हौदात तुझ्या माशांबरोबर भलतेच बारीक मासे आहेत, तपकिरी, ओढ्यातून आले असतील. जाऊन बघितलं. जलपर्णीच्या मुळांत अकरा मोजले, इंचभराचे. कॉमेटचीच पिल्लं. बाकी अंडी-पिल्लं आईबापांनीच खाल्ली असणार, गोल्डफिश ती ओळखत नाही. मुळांच्या जाळीत जी अडकून राहिली ती वाचली. लहानपणी गोल्डफिश असाच मातकट असतो, त्या जंगली कार्पसारखा. केशरी रंग नंतर काही महिन्यांनी चढतो. भावाला सांगितलं, थांब, दिवाळीपर्यंत बघ.

त्याने हौदात डासांच्या अळ्या दिसेनाशा झाल्याचंही सांगितलं.

१५ जून
पहिला चांगला पाऊस झाला. हवा दमट झाली आणि पंख्याचा उपयोग अपेक्षेप्रमाणे घटला, पण पाणी आता २९ च्या वर जात नाही.

मूरच्या पोटाखाली तांबूस झाक आली आहे. लेक घाबरली. काळा मूर वयानुसार आणि उबदार पाण्यात पोटाकडून सोनेरी व्हायला लागतो, काही जण तर पूर्ण केशरी होतात. खातो नीट, पर ताठ आहेत, कल्ल्यांची हालचाल बरोबर. काही करायचं नाही.

ओरांडाचा मुकुट मात्र वाढत डाव्या डोळ्यावर येतो आहे. तिला त्या बाजूचे दाणे दिसत नाहीत. उद्यापासून तिच्यासाठी उजवीकडून टाकायचे.

६ जुलै, आषाढी एकादशी
आईचा उपास. माशांचा नाही, हे तिनेच आधी सांगून टाकलं.

रियुकिनलाही आता नळीचा आवाज कळायला लागलाय. तो पणतीकडे येतो आणि कुबड मध्ये घालून मूरला बाजूला सारतो. गोलांमध्ये हाच सर्वांत चपळ. म्हणून दुसरी पणती उजव्या कोपऱ्यात ठेवली, ती रियुकिन आणि ओरांडाची. दोन्ही नळ्या एकाच वेळी सोडायला दोन माणसं लागतात. आज डावी नळी आईकडे होती.

डावी पणती, १० दाणे: मूर ८, रियुकिन २.
उजवी पणती, २० दाणे: रियुकिन ११, ओरांडा ९.